रांगेतल्या वेळेचे मोल

स्वस्त पेट्रोलसाठी रांगेत तिष्ठणे परवडते काय, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. पण १९८० साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात त्याची कसोटीच लागली. सरकारी दरनियंत्रणामुळे काही पंपांवर पेट्रोल इतरांपेक्षा स्वस्त झाले आणि तेथे मोटारींच्या रांगा लागल्या. रॉबर्ट डीकन व जॉन सॉन्स्टेली या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील ग्राहकांच्या निवडीचा अभ्यास करून १९८५ साली निष्कर्ष मांडला, की माणूस आपल्या वेळेची किंमत आपल्या वेतनाच्या आसपासच धरतो.

हिशेब सोपा आहे. गॅलनमागे २० सेंट वाचले, असे समजू. दहा गॅलनांवर, म्हणजे सुमारे ३८ लिटरवर, बचत २ डॉलरची. त्यासाठी अर्धा तास गेला, तर ताशी ४ डॉलर पदरी पडले. त्या वर्षी तेथील किमान वेतन ताशी ३.१० डॉलर होते. म्हणजे अल्प वेतनाच्या कामगाराला रांग परवडली. ताशी १० डॉलर मिळविणाऱ्याला नाही. टाकीत पाचच गॅलन मावत असतील, तर मात्र दोघांनाही नाही.

परंतु खरा तोटा निराळाच आहे. ग्राहकाने मोजलेला पैसा निदान विक्रेत्याच्या हाती पडतो. रांगेत गेलेला वेळ कोणाच्याच हाती पडत नाही. जानेवारी १९८१ मध्ये ते नियंत्रण उठले, तरी स्वस्त पंपापुढची रांग तेथे आजही दिसते. तीत उभ्या असलेल्या माणसास हसण्यापूर्वी त्याचा तास इतका स्वस्त का, हे विचारणे अधिक न्यायाचे ठरेल.