ब्रेक सोडवणारं औषध आणि २० मिलिग्रॅमचा हिशोब

मामाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या फाइलवर डॉक्टरांनी 'निवोलुमॅब' लिहिलं आणि मामीचा फोन आला, "तू इंजिनियर ना, हे काय असतं सांग." बायोलॉजी आणि माझा संबंध दहावीनंतर सुटलेला. तरी बसून वाचलं, तेच आज सांगतो.

माझी समजूत होती की शरीराला कॅन्सर दिसतच नाही. तसं नाहीये. टी पेशी, म्हणजे आपले पहारेकरी, बऱ्याचदा गाठीच्या आत पोचलेल्या असतात. बिघडलेली प्रथिनं त्या ओळखतातही. मग मारत का नाहीत? कारण टी पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. तो हवाच, नाहीतर त्या आपल्याच अवयवांवर तुटून पडतील. हल्ला करताना टी पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडते. त्याची चाहूल लागताच कॅन्सरची पेशी अंगावर पीडी-एल१ आणते आणि ते नेमका तोच ब्रेक दाबतं. म्हणजे हल्लाच शत्रूच्या हातात ढाल देतो! हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि खाली एक चक्कर मारून आलो.

निवोलुमॅब पीडी-१वर जाऊन बसतं, पीडी-एल१ला जागा उरत नाही. औषध कॅन्सरला हातही लावत नाही, मारतात त्या टी पेशीच. अशा ब्रेकवरच्या कामासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं.

मामा एसटीत ड्रायव्हर होता. त्याने लगेच विचारलं, "आणि उतारावर ब्रेक सुटला तर?" तेच तर! थायरॉइड, फुप्फुसं, आतडी यांना सूज येऊ शकते. आणि गाठीत टी पेशी शिरल्याच नसतील, तर ब्रेक सोडून फारसा उपयोग नाही.

आता पैसे. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. बहुतेक घरांना तो झेपत नाही. पण कमी डोसमध्येही पीडी-१च्या जागा बऱ्यापैकी भरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलने पुढच्या टप्प्यातल्या डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. एका गटाला फक्त तोंडी औषधं, दुसऱ्याला तीच औषधं आणि दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षानंतर पहिल्या गटात १६.३ टक्के हयात होते, दुसऱ्यात ४३.४. अर्थात, २० आणि २४०ची थेट तुलना यात नव्हती, त्यामुळे दोन्ही सारखेच असं मी म्हणणार नाही. पण शून्य आणि २० यांतला फरक तर समोर आहे.

मामाच्या डॉक्टरांना आम्ही या २०बद्दल विचारलं. मंगळवारी तिसरा डोस आहे, त्याआधी थायरॉइडची टेस्ट.