डोहातले मऊ पाठीचे कासव

देवळाच्या सभामंडपात, गाभाऱ्याकडे वळण्यापूर्वी ज्याला आपण नमस्कार करतो, त्या दगडी कासवामुळे कासव म्हणजे कठीण ढाल ही समजूत आपल्या मनात बालपणापासून दृढ होते. परंतु भीमा, कृष्णा, गोदावरी या आपल्याच नद्यांच्या डोहांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या एका मोठ्या कासवाची ही ढाल अर्धवटच आहे. त्याच्या पाठीवर खवले नाहीत, चामड्यासारखी त्वचा आहे, आणि कडेचा घेर तर निव्वळ कूर्चेचा, दाबला असता लवणारा. ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली या जातीचे वर्णन करून तिला मुंबईचे डॉक्टर लीथ यांचे नाव दिले, आणि शास्त्राच्या दप्तरात तिचे मूळ ठिकाण म्हणून पुण्याची नोंद झाली.

भारतीय द्वीपकल्पाच्या मुलखाबाहेर हे कासव कोठेही आढळत नाही. तळाच्या वाळूत वा गाळात अंग पुरून, लांब मान वर करून नळीसारख्या नाकाचे टोक तेवढे पाण्याबाहेर काढायचे आणि श्वास घ्यायचा, ही या कुळाची रीत. शिवाय पाण्यात विरघळलेला प्राणवायूही त्वचेतून आणि घशाच्या अस्तरातून काही अंशी शोषून घेता येत असल्याने ते दीर्घकाळ बुडून राहू शकते. वाळू हे त्याचे घर आणि काठ हे त्याचे सूतिकागृह, कारण अंडी घालण्यासाठी मादीला पाणी सोडावेच लागते. ज्या वाळूचा आपण ब्रासच्या हिशेबाने लिलाव करतो, तिच्याबरोबर काय काय उपसले जाते याची मोजदाद कोणत्याही महसुली खात्यात होत नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते.

मांसासाठी आणि त्या कूर्चेसाठी होणारी चोरटी शिकार हे त्याहून मोठे संकट. गेल्या तीस वर्षांत या कासवांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. २०२१ साली ही जात अतिसंकटग्रस्त ठरली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे भरलेल्या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. परंतु परिषदेतला ठराव डोहापर्यंत पोचवायचा तो नदीकाठच्या माणसांनीच. जाळ्यात असे कासव आले, तर कोळी बांधवांनी ते त्याच डोहात अलगद सोडावे आणि वनखात्याला वर्दी द्यावी, एवढी विनंती.