दुपदरी सुताचा पीळ किती असावा?

टकळीवरून नुकतेच उतरवलेले सूत ढिले सोडले, की ते लगेच स्वतःभोवती वळते आणि त्याला वेटोळी पडतात. कातताना तंतूंना जबरदस्तीने पिळलेले असते आणि ते पूर्ववत व्हायला धडपडत असतात. ही धडपड मोडून काढायची नसते. तिचा उपयोग करूनच चांगले दुपदरी सूत होते.

सुलटा आणि उलटा

टकळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली, तर सुतावरचे तंतू डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसतात. रोमन झेड अक्षराची मधली रेघ अशीच चढते, म्हणून हा झेड पीळ. त्याच्या उलट तो एस पीळ. बहुतेक सूत झेड पिळाने कातले जाते आणि दोन पदर जोडताना एस पीळ देतात. जोडताना दिलेला प्रत्येक उलटा वेढा पदरांतला एक सुलटा वेढा काढून घेतो. दोन्ही वेळा एकाच दिशेने पिळले असते, तर सूत तारेसारखे ताठ आणि भांडखोर झाले असते.

दोरखंडातही हाच क्रम असतो: धागे एका दिशेने, त्यांचे पेड उलट दिशेने, आणि पेडांचा दोर पुन्हा पहिल्या दिशेने. जानव्याचा नवतंतू धागाही तसाच. आधी तीन तंतू एकत्र वळायचे, मग तो तीनपदरी धागा तिहेरी करून विरुद्ध दिशेने वळायचा.

किती पीळ पुरे?

दुपदरी सुताला जोडपीळ मूळ पिळाच्या साधारण अर्धा ते दोन तृतीयांश लागतो. एकपदरी सुतात इंचाला 12 वेढे असतील, तर जोडताना 6 ते 8. हा आकडा अंदाजासाठी ठेवावा. निकाल सुतालाच विचारावा. तयार सुताचा हातभर लांब फास करून लोंबता सोडा. तो सरळ लटकला, तर दोन्ही पिळांचे बळ सारखे झाले. जोडपिळाच्या दिशेने वळला, तर जोडपीळ कमी पडला. उलट दिशेला वळला, तर जास्त झाला. भिंगातूनही खूण पटते: समतोल सुतात पृष्ठावरचे तंतू सुताच्या लांबीला जवळजवळ समांतर दिसतात.

झोपलेला पीळ

फसगत बहुधा इथे होते. सूत काही दिवस गुंडाळून ठेवले, की तंतूंवरचा ताण सैलावतो आणि फास सरळ लटकू लागतो. पीळ मात्र गेलेला नसतो, पाणी लागताच तो जागा होतो. म्हणून कातता कातताच ताज्या सुताची वीतभर लांबी दुमडून आपोआप वळू द्यावी आणि तो तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून समोर ठेवावा. पुढे जोडपीळ देताना मोजमाप तेच. तयार लड कोमट पाण्यात भिजवून वाळल्यावर पुन्हा तपासावी. ओल्या लडीला वजन टांगून ती सरळ करण्याची पद्धत मला पटत नाही. तो सरळपणा पुढच्या धुण्यात निघून जातो, आणि तोवर स्वेटर विणून झालेला असतो.

विणकामात ही चूक सर्वांत ठळक दिसते. एकपदरी सुताच्या टी-शर्टची बाजूची शिवण धुतल्यावर पोटाकडे सरकते, त्यामागे बऱ्याचदा सुतात उरलेला पीळच असतो.

असमतोल हवा असतो तेव्हा

म्हणून प्रत्येक सूत शांत असावे असे मुळीच नाही. जॉर्जेटसाठी रेशमाला मुद्दाम भरपूर पीळ देतात आणि दोन धागे एस, दोन झेड असे आलटूनपालटून लावतात. कापड ओले होताच ते परस्परविरुद्ध आकसतात आणि तो बारीक खरखरीत पोत उमटतो. शिवणाच्या दोऱ्याचा क्रमही वेगळा असतो: पदर एस, शेवटचा पीळ झेड. शिवणयंत्रात टाका पडताना दोऱ्यावर जो फेर बसतो, तो एस पिळाचा दोरा उकलतो.

आपली घोंगडी तर एकपदरी लोकरीची. ताणा लावल्यावर त्याला चिंचोक्याची खळ देतात. ती तंतूंना चिकटवून धरते आणि पिळाची वळवळ मागावर आवरते. एकदा बाणा आडवा बसला, की धाग्याला वळायला जागाच उरत नाही. तिथे पदर जोडण्याची मेहनत वायाच जाईल.