दर हजारी किती?

बिबवेवाडीच्या अप्पर इंदिरानगरात अभ्यासिका व्हावी म्हणून आम्ही एका कार्यालयात निवेदन दिले. ‘वस्तीतील पुष्कळ मुले दहावीच्या आत शाळा सोडतात’ असे त्यात ठासून लिहिले होते. साहेबांनी ‘पुष्कळ’ या शब्दाखाली तांबडी रेघ मारून कागद परत दिला. “पुष्कळ म्हणजे किती?” राग आला, पण उत्तर आमच्यापाशी नव्हते.

मग चार कार्यकर्त्यांनी मोजायचे ठरवले. रविवारी विहारात वंदना संपली आणि आम्ही वही उघडली. तासाभरात वही भरली. पण शाळा सोडलेले मूल तीत जवळपास निघेचना! वस्तीतली एक मुलगी समाजशास्त्रात एम. ए. करते. तिने वही चाळली आणि विचारले, “काका, रविवारी सकाळी विहारात कोण येत नाही?”

कोण येत नाही? मार्केट यार्डात हमालीला गेलेला बाप, धुण्याभांड्याला गेलेली आई आणि शाळा सोडून गॅरेजात लागलेला त्यांचा पोरगा. ज्यांना मोजायला निघालो तेच दाराबाहेर राहिले होते. बी. कॉम.ला संख्याशास्त्राचा पेपर आम्हीही सोडवला होता, पण हे काही त्या पेपरात आले नव्हते.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, मात्र शीत वरवरचे घेतले तर तळचा भात करपलेला कळत नाही. आपल्या पुण्यातच गोखले संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या हाताखाली शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ साली छापला गेला. तिथेही साऱ्या शहराला न विचारता नमुन्यातली कुटुंबे घेतली होती. आम्हीही गल्लीतल्या घरांना क्रमांक दिले, पहिल्या पाचांतून चिठ्ठीने एक घर काढले आणि तिथून पुढे दर पाचवे घर धरले. घर बंद असले तर शेजारचे घ्यायचे नाही, पुन्हा जायचे. हे पाळणे फार जड जाते. पाय दुखतात, शेजारच्या ताई चहाला बोलावत असतात. पण कुलूप लागलेले घर म्हणजे बहुधा दोघेही कामावर असलेले घर, आणि तेच तर गाळायचे नाही.

प्रश्नही बदलावा लागला. “पोरगा शाळेत जातो ना?” म्हटले की कोणतीही माउली “जातो की” म्हणणारच. आता विचारतो, “मागच्या आठवड्यात किती दिवस गेला?”

आणि भागाकार! सात मुलांनी शाळा सोडली म्हटल्याने काहीच कळत नाही. वीसांतली सात आणि दोनशेतली सात यांत जमीन-अस्मानाचा फरक. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी शिक्षणावर बोलताना हेच हत्यार वापरले. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंची ११९ मुले, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८ आणि ज्यात आपण होतो त्या मागास वर्गाची अवघी १८. लोकसंख्येत दुसरा असलेला वर्ग शिक्षणात शेवटचा! कॉलेजात तर आपल्यापुढे जवळजवळ शून्यच होते. त्या आकड्यांपुढे ‘पुष्कळ’ म्हणायची गरजच उरली नाही.

सरासरीपासून मात्र सावध राहावे. समजा, पाच घरांची महिन्याची मिळकत ८, ९, १०, ११ आणि ६२ हजार आहे. सरासरी २० हजार येते. चढत्या क्रमाने मांडून मधले घर पाहिले तर १० हजार. आमच्यासारखा एक नोकरदार साऱ्या गल्लीला खात्यापित्या घरची करून टाकतो. म्हणून आम्ही दोन्ही आकडे लिहितो.

वही अजून पुरी झालेली नाही. बंद घरांची यादी बाकी आहे. बुधवारी संध्याकाळी सातनंतर, हमाल मंडळी घरी परतली की, आम्ही पुन्हा त्याच दारांशी जाणार आहोत. निवेदन त्यानंतर.