घरे दाखविणाऱ्यांची सुरक्षितता

कारखान्यातील कामगारास आपला धोका कोठे आहे हे ठाऊक असते. यंत्र रोज त्याच जागी असते. त्याला कठडा घालता येतो, शेजारच्या भिंतीवर सूचना लावता येते. घरांची खरेदी-विक्री जुळवून देणाऱ्या दलालाची गोष्ट निराळी आहे. बडोद्याच्या कारेलीबागेत एखाद्या गाळ्यात त्याची कचेरी असली, तरी त्याचे खरे काम चालते ते दुसऱ्याच्या बंद घरात, आणि सोबत असतो तो बहुधा त्याच दिवशी भेटलेला अनोळखी मनुष्य. कामाची जागा अशी रोज बदलत असल्यामुळे ह्या व्यवसायातील सुरक्षिततेची सारी तयारी कुलूप उघडण्यापूर्वीच व्हावी लागते.

हा धडा एका दुर्दैवी घटनेने जगापुढे आला. २८ जुलै १९८६ रोजी लंडनमधील सूझी लॅम्पलू ही २५ वर्षांची तरुणी फुलम भागातील एक घर दाखविण्यासाठी कचेरीतून निघाली, ती परतलीच नाही. तिच्या रोजनिशीत वेळ होती, ‘मिस्टर किपर’ हे नाव होते आणि रस्त्याचे नावही होते. त्या रात्री तिची मोटार दुसऱ्याच एका रस्त्यावर सापडली. तिचा मात्र आजतागायत पत्ता लागलेला नाही. त्याच वर्षी तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने एक संस्था स्थापन केली आणि एकट्याने काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न धसास लावला.

ह्यातून उघड होते ते असे की, नुसती नोंद पुरेशी नाही. नोंदवहीतील नाव खरे आहे काय, हे आधी पाहावयास हवे. म्हणून नव्या गिऱ्हाइकाने प्रथम कचेरीत यावे, ओळखपत्र दाखवावे आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक तेथल्या तेथे फिरवून पाहावा, हा नियम बरा. खऱ्या गिऱ्हाइकास त्याचे वाईट वाटत नाही. दुसरे असे की, नोंदीपुढे परतण्याची वेळ असावी आणि ती वेळ टळताच विचारपूस करणारा एक ठराविक मनुष्य कचेरीत असावा. उत्तर न मिळाल्यास पुढे काय करावयाचे, कोणास कळवावयाचे, हेही आधीच ठरलेले असावे. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आणि स्त्रियांच्या साहाय्यासाठी असलेला १८१ हा क्रमांक प्रत्येकास पाठ असावा. प्रत्यक्ष घरात गिऱ्हाइकास पुढे जाऊ द्यावे, आपण दाराच्या बाजूस राहावे आणि दार उघडे ठेवावे. अंधार पडल्यावर रिकामे घर एकट्याने दाखवू नये.

धोका माणसांपासूनच असतो असे नाही. अपुऱ्या इमारतीत जिन्याला कठडा नसतो. उद्वाहकाचे दार उघडले, तरी पाळणा समोर आहे याची खात्री केल्यावाचून पाऊल टाकू नये. दीर्घकाळ बंद असलेल्या घरात गॅसचा वास आल्यास दिव्याचे बटण दाबू नये; खिडक्या उघडाव्या, गॅसची चावी बंद करावी आणि बाहेर पडावे.

कारेलीबागेस आणखी एक काळजी आहे, ती विश्वामित्रीची. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला; ऑगस्ट २०२४ मध्ये नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली. पावागडच्या बाजूने येणाऱ्या ह्या नदीस आजवा सरोवराचे जादा पाणीही मिळते. त्यामुळे शहरावरील आभाळ निवळले तरी पाणी चढतच राहते, आणि पाऊस थांबला म्हणून घर दाखविण्यास निघालेला दलाल अडकतो. नदीत मगरींची वस्ती आहे. पुरात त्या वस्तीतील रस्त्यांवर आल्याचे बडोदेकरांनी पाहिले आहे. म्हणून भेटीपूर्वी नदीच्या पातळीची चौकशी करावी, साचलेल्या पाण्यात उतरू नये, पाणी शिरलेल्या तळघरात मोटार काढण्यासाठीही जाऊ नये आणि भिजलेल्या वीजमीटरला हात लावू नये. एक सौदा पुढच्या आठवड्यावर गेल्याने कोणाचे घर बुडत नाही.

कायदा येथे कितपत उपयोगी पडतो? २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये, नोंदणीकृत प्रकल्पांतील घरांचे व्यवहार जुळविणाऱ्या दलालास स्वतःचीही नोंदणी करावी लागते. त्या कायद्याचा रोख मुख्यतः गिऱ्हाइकाच्या संरक्षणावर आहे. मात्र कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळासंबंधीचा २०१३ चा कायदा महत्त्वाचा आहे. कामानिमित्त स्त्री जेथे जेथे जाते ती जागाही त्यात कामाचे ठिकाण मानली आहे. अर्थात दाखविण्यासाठी उघडलेले रिकामे घरही त्यात येते. दहांपेक्षा कमी माणसांच्या कचेरीतील स्त्रीस जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार नेता येते. दोन-तीन माणसांवर चालणाऱ्या दलालांच्या कचेऱ्या पुष्कळ आहेत; तेथील स्त्रियांस ही गोष्ट माहीत असणे अगत्याचे आहे.

ह्या साऱ्या तयारीला खर्च जवळजवळ नाही. एक नोंदवही, दोन-चार क्रमांक आणि परतण्याची वेळ होताच घड्याळाकडे पाहणारा एक सहकारी, एवढ्यावर ती उभी राहते. भेट लहान असो वा मोठी, घर ओळखीच्या गल्लीतले असो वा दूरचे, हा नेम एकदाही चुकू न देणे, हेच त्यातील मर्म होय.