‘शायलो येईपर्यंत’ : बुजू बँटनची ध्वनिमुद्रिका

वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावर ‘शायलो येईपर्यंत’ असें कोणी म्हटलें, तर त्याचा अर्थ आपल्या ‘आचंद्रसूर्य’ या शब्दाप्रमाणें घ्यावयाचा. शायलो हा शब्द बायबलांतील उत्पत्तीच्या पुस्तकांत येतो. बुजू बँटन या गायकानें १९९५ सालीं आपल्या ध्वनिमुद्रिकेस ‘टिल शायलो’ हें नांव दिलें, तेव्हां तो अवघा बावीस वर्षांचा होता.

या नांवाचें महत्त्व कळण्यास थोडें मागें जावें लागतें. जमेकांतील रेगे हें संथ लयीचें संगीत बॉब मार्ले यानें जगभर नेलें. १९८१ सालीं तो निवर्तला, आणि पुढें बेटावर ‘डान्सहॉल’ गाण्यांचें युग आलें. नाचाच्या मेळाव्यांत तयार साथीवर गायकानें शब्दांची सरबत्ती करावयाची, अशी ही रीत. १९८५ पासून ही साथ बहुधा यंत्रांतून निघूं लागली. विषय शृंगाराचे, फुशारकीचे आणि पुष्कळदां बंदुकीचे. बुजूची पहिली कीर्ति याच गाण्यांनीं झाली.

परंतु १९९३ सालीं पॅन हेड व डर्ट्समन हे त्याचे दोन समव्यवसायी गायक गोळ्यांना बळी पडले. गाण्यांतली बंदूक गाणाऱ्यांच्याच दारीं आली. त्या दुःखांतून बुजूनें ‘मर्डरर’ हें गीत रचलें. त्यांत तो खुन्यालाच उभा करून जाब विचारतो.

याच सुमारास तो रास्ताफारी पंथाकडे वळला. १९३० सालीं रास ताफारी हे हैले सेलासी या नांवानें इथिओपियाच्या सिंहासनावर बसले. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांपैकीं जमेकांतील कित्येक गरिबांस त्यांच्या ठायीं ईश्वराचें दर्शन झालें. जुलमी सत्तेस हे लोक ‘बॅबिलोन’ म्हणतात, आफ्रिकेस ‘झायन’ मानतात, आणि व्रत म्हणून केंस कापीत नाहींत.

ध्वनिमुद्रिकेंत हें सारें ऐकूं येतें. आरंभींच्या गीतांत पंथाच्या उपासनेंतले ढोल व समूहस्वर आहेत. विषय आफ्रिकेच्या ओढीचा. ‘अनटोल्ड स्टोरीज’ मध्यें गिटारच्या साध्या साथीवर गरिबांची व्यथा येते. तरीही ‘चॅम्पियन’ सारखें नाचाचें गाणें येथें आहेच. बुजूनें मेळावा सोडला नाहीं. मेळाव्यांतच भक्तीला जागा करून दिली.

मनुष्याचें परिवर्तन मात्र एका दिवसांत पुरें होत नाहीं. समलिंगी लोकांच्या हत्येची भलावण करणारें त्याचें एक जुनें गीत १९९२ सालीं फार गाजलें व निंदिलें गेलें होतें. तें त्यानें आपल्या संग्रहांतून काढून टाकलें, तें थेट २०१९ सालीं. ‘मर्डरर’ मधला जाब त्याला स्वतःलाही द्यावा लागला, तो इतक्या वर्षांनीं.