दृष्टिपटलातील रंजकद्रव्याचे विरंजन आणि पुनर्घटन

वैशाखातील भर दुपारी वर्धा जिल्ह्यातील एखाद्या मातीच्या घरात बाहेरून शिरणाऱ्यास आरंभी काहीच दिसत नाही. काही वेळाने कोनाडा, उतरंड, भिंतीवरील खुंटी अशी एकेक वस्तू आकार घेऊ लागते. ‘डोळे अंधाराला सरावले’ असे मराठीत याचे वर्णन केले जाते. ‘सरावणे’ हे क्रियापद सवयीचे द्योतक आहे. वस्तुतः येथे घडते ती सवय नव्हे. विघटित झालेल्या एका द्रव्याची ती पुन्हा जुळणी होय. बाहुली विस्तारते हे खरे. परंतु तिच्यामुळे आत येणारा प्रकाश फार तर पंधरा-सोळा पटींनी वाढतो. संवेदनक्षमता मात्र हजारो पटींनी वाढलेली आढळते.

प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलात सुमारे 12 कोटी दंडपेशी आणि 60 लाख शंकुपेशी असतात. मंद प्रकाशातील दृष्टी दंडपेशींवर अवलंबून असून त्यांतील रंजकद्रव्यास ऱ्होडॉप्सिन म्हणतात. 1876 साली फ्रान्त्स बोल यास बेडकाच्या दृष्टिपटलाचा लाल रंग उजेडात फिका पडतो असे दिसून आले. विल्हेल्म क्यूने याने पुढे या द्रव्याचा सविस्तर अभ्यास केला. ‘ऱ्होडॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत गुलाब. तेव्हा हे नाव प्रकाश न लागलेल्या अवस्थेचेच वर्णन करते.

ऱ्होडॉप्सिन म्हणजे ऑप्सिन हे प्रथिन आणि त्यास जोडलेला रेटिनल हा अणुसमूह. अंधारात रेटिनलची साखळी अकराव्या कार्बनापाशी वाकलेली असते. प्रकाशकण शोषला जाताच ती सरळ होते; या क्रियेस सेकंदाच्या एक लक्षकोट्यंशाहूनही कमी काळ लागतो. त्यामुळे प्रथिनाचा आकार बदलतो, चेतासंदेश सुरू होतो आणि अखेरीस सरळ झालेला रेटिनल ऑप्सिनपासून विलग होतो. हेच विरंजन. ‘वि’ या उपसर्गामुळे ते निव्वळ नाशासारखे भासते. परंतु ती चक्राची केवळ पूर्वार्धातील अवस्था आहे.

उत्तरार्धात रेटिनलचे रेटिनॉलमध्ये, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वात, रूपांतर होते. दृष्टिपटलामागील रंजकपेशींच्या थरात त्यास पुन्हा वाकलेले रूप मिळते व ते दंडपेशींकडे परत येऊन ऑप्सिनशी जुळते. शंकुपेशी सुमारे दहा मिनिटांत पूर्ववत होतात. दंडपेशींना तीव्र प्रकाशानंतर अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. शिवाय ऱ्होडॉप्सिनचा अल्प अंश विरंजित राहिला तरी संवेदनक्षमता त्या प्रमाणाबाहेर घटते. कारण सुटे ऑप्सिन चेतासंदेशाची क्रिया क्षीणपणे चालूच ठेवते व पेशीस जणू उजेडाचा भास होत राहतो.

दृष्टिपटलात ‘अ’ जीवनसत्त्व असते हे जॉर्ज वॉल्ड यांनी 1933 साली दाखविले. 1967 साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या शोधाने ‘रातांधळे’ या जुन्या शब्दावर नवा प्रकाश पडला. तो शब्द दोष रात्रीशी जोडतो. मूळ मात्र बहुधा आहारात असते. यकृतातील साठा आटला की विरंजन नित्याप्रमाणे होते, पण पुनर्घटनास द्रव्य अपुरे पडते. सांजवेळी अंगणात ठेचकाळणाऱ्या बालकाचे डोळे ‘सरावत’ नाहीत ते यामुळे. उपेक्षा झाल्यास पुढे बुबुळासही इजा होऊन कायमचे अंधत्व येते.

1935 साली वर्ध्यात असताना गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये हिरव्या पाल्याच्या आहारमूल्याविषयी लिहिले. त्यांचा हेतू ग्रामीण आहार सुधारण्याचा होता, ऱ्होडॉप्सिनचा नव्हे. तरीही शेवग्याचा पाला, चवळी यांसारख्या पालेभाज्यांतील कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व घडविते. त्याच्या शोषणास स्निग्धांश आवश्यक असल्याने फोडणीचे थोडे तेलही येथे उपयुक्त ठरते. 1970 साली भारत सरकारने बालकांना या जीवनसत्त्वाच्या मात्रा देण्याची योजना आरंभिली.

तात्पर्य, प्रकाशाने रंग उडणे हा दृष्टीचा दोष नव्हे, तिचा आरंभ होय. दोष उद्भवतो तो गेलेला रंग परत न आल्याने. आणि ते परत येणे पुष्कळदा ताटातील अन्नावर अवलंबून असते.